तालमीच्या ग्रुपवर मतदार यादीही फिरू दे

महोदय,

२०२४ च्या विधानसभेला मतदानात कोल्हापूर जिल्हा राज्यात पहिला आला. करवीर मतदारसंघात तर ८४ टक्क्यांहून अधिक मतदान झालं. शहर मात्र मागं राहिलं, याची खंत वाटते.

त्या दिवशी मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकू उन्हात तासभर रांगेत थांबल्या आणि यादीत नाव नाही म्हणून परत आल्या. घर बदलून पाच वर्षं झाली होती, पण पत्ता बदलाचा नमुना ८ भरायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शाई नसलेलं बोट पदरात लपवत त्या जिना चढल्या, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

गणपतीची वर्गणी मागायला आपल्या तालमीची, म्हणजे गल्लीतल्या मंडळाची, पोरं एक घर सोडत नाहीत. तीच पोरं मोबाईल घेऊन दारात बसली, तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचं नाव तिथल्या तिथं तपासून होईल. नाव नसेल तर नाव नोंदवायचा नमुना ६ भरायचा. अठरा पूर्ण होणाऱ्यांसाठी आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, जानेवारीची वाट बघायला नको. अडलं तर १९५० वर फोन करावा.

व्हॉट्सॲपवर 'मतदान करा'चं चित्र जरूर टाका, पण सोबत केंद्राचं नाव आणि खोली क्रमांकही टाका. म्हाताऱ्या माणसांना तेच लागतं. आमच्या गल्लीत येत्या रविवारपासून आम्ही सुरुवात करतोय. बाकीच्या तालमींनीही आपापली गल्ली घ्यावी.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर