आवाज आणि गिळणे : ग्वाल्हेरला प्रशिक्षित उपचारक हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तानसेनांच्या समाधीजवळच्या चिंचेची पाने चघळली की गळा गोड होतो, असे आम्ही ग्वाल्हेरकर लहानपणापासून ऐकत आलो. परंतु गळा बिघडला तर कोणाकडे जावे, हे संगीत शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मला एकाही शिष्याला नीट सांगता आले नाही. ज्येष्ठमध, गुळण्या आणि शेवटी कान-नाक-घशाचे डॉक्टर, इथेच बहुतेकांची वाट संपते. डॉक्टरांना स्वरतंतूंवरच्या गाठी दिसतात. पण त्या ताणून, ओरडून आवाज लावण्याने आलेल्या असतील, तर ती सवय सुटेपर्यंत त्या पुन्हा येऊ शकतात, आणि सवय सोडवून घेणे हे वाचा-उपचारकाचे, म्हणजे बोलणे, आवाज आणि गिळणे यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचे, काम आहे. गवयांइतकाच हा त्रास शाळेतल्या शिक्षिकांनाही होतो.

गिळण्याचे शास्त्र मला घरातल्या आजारपणाने शिकवले. यजमानांना अर्धांगवायू झाला आणि एका रुग्णालयाने गिळण्याची तपासणी न करताच त्यांना घरी पाठवले. पातळ ते सोपे, या समजुतीने मी त्यांना पाणी आणि वरणाचे पाणी पाजत राहिले. वास्तविक पातळ पदार्थ घशातून झपाट्याने उतरतात, आणि स्वरयंत्र वेळेवर मिटले नाही तर ते श्वासनलिकेत जातात. कित्येक रुग्णांना तर ठसकाही लागत नाही. न्यूमोनिया झाला तेव्हा आम्हाला हे कळले. पुढे इंदूरला नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणे तपासले गेले (ही पद्धत १९८८ पासून प्रचलित आहे) आणि हनुवटी छातीकडे झुकवून दाटसर घास घेण्यास सांगण्यात आले. हाच उपाय दुसऱ्या रुग्णाला चालेलच असे नाही, म्हणूनच ऐकीव सल्ल्याऐवजी शिकलेला माणूस लागतो.

आपल्याकडे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९१८ पासूनचे माधव संगीत महाविद्यालय आहे आणि राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठही आहे. म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेसारखी मोठी संस्था लगेच उभी राहावी, असा माझा हट्ट नाही. वाचा-श्रवण उपचाराच्या पदवी अभ्यासक्रमातल्या प्रशिक्षणार्थींना येथे अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली पक्षाघाताचे रुग्ण तपासता यावेत आणि संगीताच्या विद्यार्थ्यांच्या आवाजाची दरवर्षी नोंद ठेवून त्यावर संशोधन व्हावे, एवढे तरी या संस्थांनी मिळून करावे. आरशाच्या साहाय्याने स्वतःचे हलते स्वरतंतू १८५४ मध्ये पाहणारे मान्युएल गार्सिया हे गाण्याचेच शिक्षक होते, तेव्हा संगीत आणि वैद्यक यांची ही सोयरीक काही नवी नाही.

नोंदींसाठी आवाज हवे असतील, तर माझ्या घरच्या वर्गातल्या मुली पालकांच्या संमतीने येतील.

आपली,
एक निवृत्त संगीत-शिक्षिका,
लष्कर, ग्वाल्हेर