मंत्रीमहोदय, ट्रॅक्टर परदेशी पोचतो; त्याला बंदरावर नेणाऱ्याने थांबायचं कुठे?

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी शिरूर तालुक्यातला ट्रेलरमालक. दोन गाड्या आहेत, दोन्ही कर्जावर. एक गाडी आमच्या भागातल्या कारखान्यातून ट्रॅक्टरचे कंटेनर न्हावा शेवा बंदरात नेते, दुसरी मराठवाड्यातल्या डीलरांकडे नवे ट्रॅक्टर पोचवते. पहिल्या गाडीवर माझा धाकटा भाऊ असतो. गेल्या आठवड्यात बंदराच्या रस्त्यावर त्याला दुसऱ्या ट्रेलरची धडक बसली. उजव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली, आत सळई घातली आहे.

अवजड गाड्यांची वेळ संपली म्हणून पोलिसांनी त्या संध्याकाळी सगळी रांग सर्व्हिस रोडला लावायला सांगितली. त्याने लावली. कॅनमधलं पाणी संपलं होतं, म्हणून रात्री पलीकडच्या टपरीवर कॅन भरायला रस्ता ओलांडत होता. तो ऑपरेशनच्या टेबलावर असताना माझ्या मोबाईलवर मेसेज आला, नो पार्किंगमध्ये वाहन उभं केल्याचं ई-चलान. त्या फोटोत माझ्या गाडीचा नंबर स्पष्ट दिसतो आणि गाडीपुढे लावलेलं पोलिसांचं बॅरिकेडही तितकंच स्पष्ट दिसतं.

साहेब, हे पत्र लिहायला बसलो ते या फोटोमुळे. दंड भरायची ऐपत नाही असं नाही. पण ज्यांनी थांबवलं त्यांनीच थांबल्याचा दंड लावावा, हे मला पटत नाही आणि पटवून घ्यायचंही नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीमालकांच्या एका बैठकीत एका अधिकाऱ्यांनी भिंतीवर नकाशा लावून दाखवला होता. इथे पार्किंग, इथे संडास-बाथरूम, इथे पाण्याची टाकी, इथे उपाहारगृह. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या नकाशातल्या जागेवर आज राडारोड्याचे ढीग आहेत. जुलै 2025 मध्ये ई-चलानाविरुद्ध राज्यभरातल्या वाहतूकदारांनी संप केला, तेव्हाही हेच मांडलं होतं. माझा भाऊ त्या संपात होता.

तुमच्या समोर कागद येतात ते निर्यातीचे. म्हणून हा ट्रॅक्टर खरोखर कसा जातो ते सांगतो. परदेशी कंटेनरने जाणारा ट्रॅक्टर कारखान्यातून अख्खा निघत नाही. त्याची मागची मोठी चाकं काढतात, डोक्यावरची लोखंडी चौकट पाडतात किंवा वेगळी बांधतात, बॅटरीची वायर सोडतात, टाकीतलं डिझेल उतरवतात. मग फोर्कलिफ्टने एकामागे एक आत सरकवायचे, खाली लाकडी ठोकळे ठोकायचे, पट्ट्यांनी आणि साखळ्यांनी आवळायचे. एक पट्टा ढिला राहिला तर बोरघाटाच्या उतारावर आत धातू आपटल्याचा आवाज येतो आणि ड्रायव्हरच्या पोटात गोळा येतो. सील लागल्यावर त्याला दार उघडता येत नाही, पण आत काही मोडलं तर पहिला फोन त्यालाच येतो.

आणि हे झालं भरल्यानंतरचं. त्याआधी रिकामा कंटेनर आणायला यार्डात जायचं असतं. तिथे रांग. कंटेनर मिळाला तर कधी भोक पडलेला, कधी आत जुन्या मालाचा वास. बदलून घ्यायला पुन्हा रांग. तिथून कारखाना, भरणं, ई-सील, वजनाचा दाखला, कस्टमचं शिपिंग बिल, बंदराच्या गेटवर लागणारा फॉर्म 13, आणि मग कट-ऑफच्या, म्हणजे जहाजासाठी कंटेनर घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या, आत बंदराच्या गेटातून आत. वजनाच्या दाखल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवायचा नाही हा नियम 1 जुलै 2016 पासून जगभर लागू आहे, आणि तो चांगलाच आहे, माझी त्याला हरकत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की कंटेनरच्या किलोकिलोचा हिशोब ठेवणाऱ्या या साखळीत ड्रायव्हरच्या तासांचा हिशोब कुणाकडे आहे?

आमच्याकडून बंदर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. ई-वे बिल म्हणजे माल रस्त्याने न्यायचा जीएसटीचा कागद, त्याच्या नियमात 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. कागदावर भरपूर. पण रांगेतच दिवस गेला की बिलाची मुदत संपते. मुदत वाढवता येते, पण संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच. मग मध्यरात्री कारखान्यातल्या क्लार्कला उठवा, त्याच्या शिव्या खा, नाहीतर रस्त्यात तपासणी झाली तर दंडाची नोटीस घ्या.

2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपकडे आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जाणारी बरीच जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला, जहाजांची वेळापत्रकं कोलमडली. जहाज उशिरा आलं की गेट उशिरा उघडतं, आणि गेट उघडत नाही तोवर गाडी रस्त्यावर. येमेनजवळच्या हल्ल्याची झळ बंदराजवळच्या करळ फाट्यावरच्या ड्रायव्हरला लागते, पण हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे, पैसे मागितले की ट्रान्सपोर्टर म्हणतो पार्टी, म्हणजे मालवाला, देत नाही, पार्टी म्हणते शिपिंग लाइनला विचारा, आणि शिपिंग लाइनचं ऑफिस कुठल्या देशात आहे हेसुद्धा मला माहीत नाही. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेलं. त्याचं कारण सांगून माझं भाडं तुटलं. गाडीचा हप्ता मात्र तसाच राहिला.

देशातल्या डिलिव्हरीचं वेगळं नाही. 22 सप्टेंबर 2025 ला ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. शेतकऱ्याचं भलं झालं, मीही शेतकऱ्याचाच मुलगा आहे, मला आनंदच झाला. डीलरांचे फोनवर फोन, आजच पाहिजे, मुहूर्त आहे. माझी दुसरी गाडी एका डीलरच्या दारात संध्याकाळी पोचली तेव्हा उतरवायचा रॅम्प नव्हता, माणूस नव्हता. सकाळी दहाला माणूस आला आणि त्याने पहिलं काम केलं ते ओरखडे शोधण्याचं. एक आरसा आणि टूलबॉक्सची किल्ली नाही म्हणून भाड्यातून पैसे कापले. कारखान्यात चढवताना ती किल्ली होती की नाही याची सही कुणी दिली नव्हती. अशी कपात आम्ही वर्षानुवर्षं सोसतो, कारण बोललो तर पुढची ट्रिप दुसऱ्याला जाते.

मी हिशोब करून पाहिला. देशातून वर्षाला लाखाच्या आसपास ट्रॅक्टर निर्यात होतात. काही रो-रो जहाजात स्वतःच्या चाकांवर चढतात, नेपाळला जमिनीच्या रस्त्याने जातात, ते सोडा. उरलेले एका चाळीस फुटी कंटेनरात चार-सहा धरले तरी हजारो कंटेनर होतात. आकडा मागेपुढे होईल. पण त्यातल्या प्रत्येक कंटेनरखाली एक गाडी आणि गाडीत एक माणूस असतो, यात मागेपुढे काही होत नाही. देशाचा लॉजिस्टिक्स खर्च आधी जीडीपीच्या 13-14 टक्के सांगायचे, 2025 च्या सरकारी अहवालात तो 7.97 टक्क्यांवर आला. माझ्या भावाने रस्त्यावर काढलेल्या रात्री त्या टक्क्यांच्या कुठल्या रकान्यात आहेत, ते मला दाखवा.

मला माहीत आहे तुमचं कार्यालय काय उत्तर देईल. बंदर केंद्राचं. महामार्ग प्राधिकरणाचा. आजूबाजूची जमीन सिडकोची. पोलीस गृहखात्याचे. कस्टम अर्थखात्याचं. यार्ड खाजगी. मग कारखान्याच्या गेटपासून बंदराच्या गेटपर्यंतचा माणूस कुणाचा? कर घेताना तर कुणी म्हणत नाही की हे माझ्या खात्यात येत नाही. टोल, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, डिझेलवरचा व्हॅट, सगळ्यांना मी बरोबर सापडतो. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात आठ तासांचा दिवस आणि रात्रीच्या मुक्कामाला विश्रांतीची खोली लिहिलेली होती. तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला, म्हणजे माझ्यासारख्याचा ड्रायव्हर त्यातूनही बाहेर होता. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची केली. चांगलं केलं. पण रांगेत बंद इंजिनावर एसी चालत नाही, आणि लघवीला जागा लागते ती केबिनच्या बाहेर.

ज्यांच्या जमिनीवर हे बंदर उभं राहिलं, त्या उरणच्या शेतकऱ्यांवर 1984 मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, पाच जण गेले. मोबदल्यातल्या साडेबारा टक्के विकसित जमिनीसाठी त्यांच्या घरांनी किती वर्षं वाट पाहिली ते तिथल्या कुणालाही विचारा. आता पालघर जिल्ह्यात वाढवणला 76 हजार कोटींचं बंदर होतंय. तिथल्या गेटाबाहेरही ड्रायव्हर रस्त्यावरच झोपणार असतील, तर आम्हाला ते आत्ताच सांगा.

माझ्या मागण्या फार नाहीत. पोलिसांनी थांबवलेल्या गाडीवर पार्किंगचं चलान लावू नये आणि लावलेली रद्द करावीत. बंदराच्या रस्त्यांवर गाड्या रोखायच्या असतील तर त्या दिवे, पाणी आणि संडास असलेल्या जागेतच रोखाव्यात. अशी जागा नसेल तर रोखू नयेत. यार्डात किंवा गेटाबाहेर ठरावीक तासांच्या पुढे गाडी थांबली तर हॉल्टिंग कुणी द्यायचं हे सरकारने कायद्याने ठरवावं. आणि ट्रॅक्टर चढवताना-उतरवताना दोन्ही बाजूंची सही असलेली तपासणी यादी सक्तीची करावी, म्हणजे किल्लीचे पैसे आमच्या भाड्यातून जाणार नाहीत.

भावाला पुढचे काही महिने क्लच दाबता येणार नाही. त्याची मुलगी बारावीला आहे. गाडी मी स्वतः चालवतोय, आणि परवा मीही त्याच सर्व्हिस रोडला पोलिसांच्या सांगण्यावरून उभा होतो.

हे चलान मी भरणार नाही. तो फोटो घेऊन मी लोक अदालतीत उभा राहणार आहे. त्याआधी तुमच्या खात्याकडून लेखी उत्तर हवं आहे: त्या रात्री कायद्याने माझ्या भावाने गाडी कुठे उभी करायला हवी होती? त्या जागेचं नाव कळवा.

आपला,
एक ट्रेलरमालक
ता. शिरूर, जि. पुणे