वीर्यतपासणीची सोय तालुक्यातच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरुषांचे वंध्यत्व आणि रुग्णालयात जडणारे संसर्ग या दोन्ही विषयांवर एकच संशोधक काम करू शकतो, याचे अनेकांना नवल वाटते. प्रयोगशाळेत हयात घालवलेल्या मला ते वाटत नाही. ज्या टेबलावर सिझेरियनच्या जखमेतला पू येतो, त्याच टेबलावर वीर्याचा नमुनाही येतो. दोन्हीकडे सापडणारे जंतूही पुष्कळदा तेच असतात : ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्टॅफिलोकॉकस.

खानापूर असो की निपाणी, लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही की सुनेच्या फेऱ्या सुरू होतात. सोनोग्राफी, गर्भनलिकांची तपासणी, दुर्बिणीची तपासणी, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस. नवऱ्याची तपासणी सगळ्यांत शेवटी, तीही घरच्यांना न सांगता. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी त्याचीच आहे. ती आधी का होऊ नये?

मात्र ही तपासणी नाजूक आहे आणि आपल्या भागात ती नमुना पोहोचवण्यातच बिघडते. तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा लागतो. नमुना प्रयोगशाळेनेच दिलेल्या स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीत घ्यायचा आणि शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोहोचवायचा. तोवर तो अंगाच्या उबेला राहिला पाहिजे. कणकुंबी-जांबोटीकडचा माणूस आषाढातल्या पावसात बसने बेळगावला येईपर्यंत पिशवीतला नमुना थंडगार पडतो. शुक्राणूंची हालचाल मंदावते, तसे अहवालात येते आणि तो कागद घेऊन माणूस खचून घरी जातो.

दुसरे म्हणजे ताप. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्या काळात टायफॉइड किंवा डेंग्यूसारखा जोराचा ताप येऊन गेला असेल, तर संख्या तात्पुरती घटू शकते. म्हणून एका अहवालावर निकाल लावायचा नसतो. काही आठवड्यांनी, ताप आला असेल तर तीन महिन्यांनी, पुन्हा तपासायचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा दिली आहे. तिच्याखाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे. हे त्या माणसाला समोर बसवून सांगणारे कोणी तरी हवे.

आता संसर्गाकडे. वीर्यात मिलिलिटरमागे १० लाखांहून अधिक पांढऱ्या पेशी दिसल्या तर जंतुसंसर्गाची शंका घेतात. पण हात न धुता नमुना घेतला तर प्रयोगशाळेत त्वचेवरचे जंतूच वाढतात आणि माणूस विनाकारण अँटिबायोटिक गिळत राहतो.

खरा संसर्ग कधी कधी रुग्णालयातूनच येतो. ऑपरेशनच्या वेळी तरुण रुग्णाला घातलेली लघवीची नळी (कॅथेटर), गरज संपली तरी 'काढा' असे कोणी न म्हटल्यामुळे तशीच राहते. नळीचा मुक्काम वाढेल तसा धोका वाढतो. संसर्ग वर सरकत वृषणामागच्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीपर्यंत गेला आणि तिथे व्रण राहिला, तर शुक्राणूंची वाट बंद होऊ शकते. काही वर्षांनी तोच माणूस मूल होत नाही म्हणून येतो, तेव्हा जुन्या कॅथेटरबद्दल त्याला कोणी विचारत नाही. या जागी दोन्ही विषय जाणणारा संशोधक लागतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी १५ जणांना तिथेच किमान एक संसर्ग जडतो. श्रीमंत देशांत ७ जणांना. हातांची स्वच्छता आणि इतर साधी पथ्ये पाळली तर यातले ७० टक्क्यांपर्यंत संसर्ग टळू शकतात. सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले होते. आजही वॉर्डातल्या बेसिनपाशी साबण नसतो, याची मला चीड येते.

बेळगावात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था आहे. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन-चार अंशांनी कमी राहावे लागते. मग उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीपुढे उभे राहणारे कामगार आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरवरची माणसे यांचा अभ्यास इथेच व्हायला हवा.

तोवर आरोग्य खात्याने प्रत्येक तालुका रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी वीर्यतपासणी सुरू करावी. नमुना देण्यासाठी आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली असावी आणि सूचनांचा कागद कन्नडबरोबर मराठीतही द्यावा. वॉर्डात प्रत्येक कॅथेटरवर घातल्याची तारीख लिहावी आणि ते अजून हवे का, हे रोज सकाळच्या राउंडला विचारले जावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
खानापूर, जि. बेळगाव