पाठ फिरवून बसलेल्या मुलीस

प्रिय मुली,

तुझं नाव कुठे घ्यायचं नाही असं तू बजावलंयस, म्हणून घेत नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहितोय. वेबसाइटपायी माझी फजिती चारचौघांत झाली होती आणि ती तू निस्तरलीस, तेव्हा आभारही तिथेच मानलेले बरे.

तुला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांसाठी थोडं मागून सांगतो. आमचा धंदा जागांचा. १९८२ च्या संपात वडिलांची गिरणी सुटली आणि ते ओळखीपाळखीत खोल्या दाखवायला लागले, तिथून सुरुवात. आज मी महारेराकडे (जागांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारी राज्याची संस्था) नोंदणी केलेला एजंट आहे, पण बोर्डावर काहीही लिहिलं तरी लालबागमध्ये लोक दलालच म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. भाड्याच्या जागा, रिसेल, आणि गेली काही वर्षं आणखी एक काम. निवृत्तीचे पैसे हातात आलेली माणसं, कोणी बँकेतलं, कोणी बेस्टमधलं, कोणी हॉस्पिटलातल्या सिस्टर, एखादा जुना वन आरके किंवा वन बीएचके गुंतवणूक म्हणून घेऊ बघतात. त्यांना जागा शोधून द्यायची, डागडुजी करून घ्यायची, भाडेकरू आणायचा. यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. ती फोनवर विचारायची, "काका, तुमची वेबसाइट पाठवा ना." माझ्याकडे होती ती वडिलांपासून चालत आलेली लांबडी वही.

म्हणून अंधेरीला एका काचेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलाने कॉफी पाजली आणि म्हणाला, "टेम्प्लेट म्हणजे रेडिमेड शर्ट, सर. तुमच्यासारख्या ब्रँडला कस्टमच शोभतं." जिन्याखालच्या आठ बाय दहाच्या जागेत बसणाऱ्या माणसाला कोणी ब्रँड म्हटलं की त्याचं काय होतं ते सांगायला नको. विरघळलो.

गंमत बघ. मी रोज दहा जणांना सांगतो की बांधकाम चालू असलेल्या जागेपेक्षा रेडी पझेशन घ्या, ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, डोळ्यांनी बघा. रेराच्या कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे मी झोपेतही म्हणून दाखवीन. आणि मी स्वतः? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका "ओके सर"वर दोन लाखांपैकी एक लाख मोजून आलो. पुढे पन्नास हजार आणखी. बिल्डरने ताबा लांबवला तर व्याज तरी मागता येतं. वेबसाइटचा ताबा लांबला तर नुसते फोन करत बसायचं, आणि दर वेळी नवा मुलगा फोन उचलून म्हणायचा, "सर, मी कालच जॉइन झालोय, मला सगळं पहिल्यापासून सांगा."

तेरा महिन्यांनी साइट आली. वर उडत्या ड्रोनचा व्हिडिओ, समुद्राकाठी उंच मनोरे, कुठल्या देशातले देव जाणे, आणि हिरवळीवर उड्या मारणारं एक गोरं कुटुंब. एक ओळ बदलायची तर दीड हजार. वैतागून लॉगिन मागितलं, तर म्हणाले पॉलिसीत बसत नाही. मग कळलं की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तोही त्यांच्याच नावावर आहे. माझ्या आडनावाची पाटी, आणि मालक ते. व्हिजिटिंग कार्डं छापून झाली होती, बाहेरचा बोर्ड रंगवून झाला होता.

अशात तू आलीस. तुमची चाळ पुनर्विकासाला गेलेली, बिल्डर भाडं देतोय, पण आईला लालबाग सोडायचा नाही, म्हणून जवळच खोली हवी. तिसऱ्या दिवशी खोली मिळाली, मी एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतलं, चौदा हजार. चाळीतली मुलगी, पण मी एक रुपया सोडला नाही. हे मुद्दाम लिहितोय.

पावती करताना तू सहज माझी साइट उघडलीस. मोबाईल टेबलावर ठेवलास. मी चहा सांगितला. चहा आला, चहा संपला, तो ड्रोन अजून गोल गोल फिरतच होता. तू म्हणालीस, "काका, करी रोडला गाडीत लटकलेल्या माणसाने हे उघडलं तर कुर्ला येईल, पण तुमचा फोन नंबर येणार नाही." मग खाली खाली गेलीस आणि थांबलीस. "बारा टक्के खात्रीशीर परतावा. हे तुम्ही कोणाला कधी म्हणालात का?" मी म्हटलं नाही. मुंबईत घरभाड्यातून बारा टक्के? माझ्या वडिलांनी काठी घेतली असती. दुसरं म्हणजे, दोन नव्या प्रकल्पांच्या जाहिराती त्यांनी महारेराच्या नंबराशिवाय टाकल्या होत्या. नंबराविना जाहिरात चालत नाही, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो, नाहीतर दंड. दंड भरायला अंधेरीवाले येणार नव्हते.

तू दुसऱ्या कोणाला नावं ठेवली नाहीस. विचारलंस एवढंच, "तुमच्याकडे येणारं माणूस पहिला प्रश्न कुठला विचारतं?" मी म्हटलं, पाणी किती वाजता येतं. तू हसलीस आणि वही मागितलीस.

त्या वहीत माझ्या वडिलांचं अक्षर आहे. पाणी पहाटे ५. संडास बाहेर. पगडी (जुन्या भाडेहक्काची जागा). लिफ्ट नाही, म्हातारं माणूस नको. तू पानं उलटत राहिलीस आणि म्हणालीस की वेबसाइट इथे लिहूनच ठेवलीय, आपण फक्त उतरवायची.

आता टेम्प्लेट आणि कस्टम यांच्याबद्दल तू जे सांगितलंस ते इथे लिहितो, कारण माझ्यासारखे बरेच जण तिथेच अडकतात. तू टेम्प्लेटची आरती ओवाळली नाहीस. म्हणालीस, उद्या तुमच्याकडे दोनशे जागा झाल्या, प्रत्येक गुंतवणूकदाराला आपला हिशेब लॉगिन करून बघायचा असेल, भाड्याच्या पावत्या आपोआप निघायला हव्या असतील, तर बांधून घ्या, तेव्हा पैसे वसूल होतील. आज तुमच्याकडे तीस-पस्तीस जागा आहेत, फोटो आहेत, फोन नंबर आहे. त्याला बंगला कशाला? पण तयार साइट घेतानाही बघून घ्यायची. काही कंपन्या साइट जणू लिव्ह अँड लायसन्सवर देतात, महिन्याचे पैसे थांबले की दाराला कुलूप, आणि आतलं सामान जसंच्या तसं उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्डप्रेसचं, म्हणजे साइट बनवायच्या एका सॉफ्टवेअरचं, तसं नाही. २००३ पासून आहे, मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे, साइट ठेवायला जागा देणाऱ्या एका होस्टिंगवाल्याशी पटलं नाही तर बिऱ्हाड हलवता येतं. भाडं आणि ओनरशिप यांतला फरक मला कोणीतरी समजावतंय, हेच आधी मजेशीर होतं.

दोन रविवार लागले. टेम्प्लेट अमेरिकेच्या हिशेबाने केलेलं, त्यात गॅरेज किती गाड्यांचं, अंगण किती एकरांचं, झिप कोड काय. तू ते एकेक उडवत गेलीस आणि तिथे वहीतली खाती बसवलीस. पाण्याची वेळ. कितवा मजला, लिफ्ट आहे का. संडास-बाथरूम वेगळे की एकत्र. पगडी की ओनरशिप. ओसी आहे का. सोसायटी भाडेकरूंना कुरकुर करते का (हे मी सांगितलं, तू मात्र शब्द सौम्य केलेस). डॉलरमधला कर्जाचा हिशेब काढून टाकलास आणि भाड्याचा खरा हिशेब टाकलास. तो लोकांना फार आवडतो, म्हणून इथेही देतो. ९५ लाखांची जागा. वर मुंबईची सहा टक्के स्टँप ड्युटी, ५ लाख ७० हजार. नोंदणीचे ३० हजार. झाले १ कोटी १ लाख. भाडं २८ हजार धरलं आणि वर्षात एक महिना जागा रिकामी धरली, तर ३ लाख ८ हजार. सोसायटीचे महिन्याला चार हजार वजा केले की उरले २ लाख ६० हजार. म्हणजे अडीच टक्क्यांच्या किंचित वर. शेजारी तू बारीक अक्षरात टाकलंस की बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटी एक टक्का कमी. तो आकडा बघून दोघांनी जागा घ्यायचा विचार सोडला. माझं नुकसानच झालं. पण तेच दोघं आता आपल्या मेव्हण्या-पाहुण्यांना माझ्याकडे पाठवतात.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

दुसऱ्या रविवारी डोमेन घ्यायचं होतं. तू माझाच ईमेल टाकलास, माझंच कार्ड वापरायला लावलंस, माझ्याच फोनवर ओटीपी मागवलास. मग पासवर्डची चौकट आली. मी सवयीने म्हटलं, तूच टाक गं, मला चिठ्ठीवर लिहून दे. तू कीबोर्ड माझ्यापुढे सरकवलास, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलीस.

मी एका बोटाने टाइप करतो. दोनदा चुकलं. तू तशीच भिंतीकडे बघत बसलेली. भिंतीवर बघण्यासारखं काय, तर जुनं कॅलेंडर आणि चाव्यांचा फळा. "झालं का काका?" एवढंच विचारलंस, मानही वळवली नाहीस.

तुला ठाऊक नसेल, त्या फळ्यावर सत्तावीस चाव्या आहेत. सत्तावीस घरांचे मालक दुसरीकडे राहतात आणि दार माझ्या भरवशावर सोडून गेलेत. वडिलांनी मला धंद्यातलं पहिलं शिकवलं ते हे, की गिऱ्हाइकाला जागा दाखवताना मालक कपाट उघडायला गेला की आपण पाठ करून उभं राहायचं. तो सांगो न सांगो. मी हे कधी कोणाला बोलून दाखवलेलं नाही, माझ्या मुलालाही नाही. आणि माझ्याच ऑफिसात, माझ्याच चाव्यांच्या फळ्यासमोर, निम्म्या वयाची मुलगी माझ्यासाठी तेच करत होती. तेरा महिने ज्यांना मी पैसे दिले त्यांनी माझ्या नावाची चावी खिशात घातली. तू हातात आलेली चावी बघायचीसुद्धा नाही असं ठरवलंस. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं. तुला दिसलं नाही, कारण तू अजून भिंतीकडेच बघत होतीस.

आमच्या गल्लीत एक प्लंबर आहे. नळ बदलायला बोलावलं की उघडून बघतो आणि म्हणतो, नळ ठीक आहे, वायसर गेलाय, पाच रुपयांचा. स्वतःचं काम कमी करून सांगणारी अशी माणसं या शहरात आहेत अजून. एखादी कोळीण, एखादा रद्दीवाला जो काटा तुमच्याकडे वळवून धरतो. आपण त्यांच्याबद्दल कधी लिहीत नाही, काचेच्या ऑफिसांबद्दल मात्र तासभर तक्रार करतो. मीही आधी तेच केलं, वर वाचलंसच.

पैशांचं विचारलं तर म्हणालीस, "चौदा हजार. तुम्ही एक महिना घेतलात, मी पण एक महिना घेणार." मला वाटलं थट्टा करतेस. तू खरंच घेतलेस, पावतीही दिलीस. बरं केलंस. फुकट केलं असतंस तर मला तुझ्याकडे परत काही मागता आलं नसतं.

साइट आता मी स्वतः भरतो. एका बोटाने. मागच्या आठवड्यात चिंचपोकळीच्या एका खोलीचे फोटो मीच टाकले, उलटे पडले, मीच सरळ केले. महिन्याला दहा-बारा फोन येतात, त्यातले निम्मे नुसते चौकशीचे. पण एकही जण आता पाण्याची वेळ विचारत नाही. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर नाही लिहिलाय, तू रागावलीस म्हणून. बायकोला पाठ आहे.

"आमच्याबद्दल" हे पान तू रिकामं ठेवलंस. म्हणालीस, हे टेम्प्लेटमध्ये येत नाही काका, तुम्हीच लिहा. वडिलांच्या संपापर्यंत येऊन थांबलोय, पुढे जमत नाही. रविवारी ये आणि वाचून बघ. आईलाही आण. आणि तिला सांग, खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपत आलाय, मी मालकाशी बोललोय, भाडं वाढवत नाही म्हणाला. या वेळची दलाली नाही. त्यावरून वाद घालायला आलीस तरी चालेल.

तुझा,
दलाल काका