परासियाच्या हाजरीबाबूंना विट्याहून पत्र

विटा, जि. सांगली

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

खानापूर, आटपाडी, माण, खटाव या पट्ट्यातला माणूस परमुलखात गेला म्हणजे गलाईलाच गेला, असं इथे धरून चालतात. सोनं-चांदी गाळायला इथली माणसं देशभर पांगली, त्यामुळे जो परत आला नाही त्याच्याबद्दलही घरात "गलाईला गेले, तिकडेच राहिले" एवढंच सांगितलं जातं. त्यातली काही माणसं कोळशाच्या खाणीत उतरली होती, ही गोष्ट आपण, खाणीची हजेरी लिहिणाऱ्या बाबूंनी, कागदानिशी दाखवून दिलीत. १० डिसेंबर १९५४ रोजी मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाजवळच्या न्यूटन चिखली कोळसा खाणीत पाणी घुसलं आणि ६३ जण गेले. त्यांपैकी एका नावाचं घर खानापूर तालुक्यात आहे हे आज ठामपणे सांगता येतं, ते केवळ आपल्यामुळे. हे आभार चार लोकांसमोर मानायचे आहेत, कारण आपण दाखवलेली वाट इतर घरांनाही लागणार आहे.

गावाकडचा माणूस पहिली चूक करतो ती मृत्यूच्या नोंदीची. तो तहसीलच्या अभिलेख कक्षात जातो, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक काढायला लावतो, मोडी वाचणाऱ्याला सोबत नेतो, आणि काहीच सापडत नाही. सापडणारही नाही. मृत्यू जिथे होतो तिथेच त्याची नोंद होते, गावच्या बुकात नाही. कोतवाल बुक जन्मासाठी बघावं. बापाचं नाव पक्कं करायला ते उपयोगी पडतं आणि पुढे खाणीच्या रजिस्टरशी तेच जुळवावं लागतं.

"मेल्याची नोंद शोधू नका, त्याच्या मागे काय उरलं ते शोधा," हे आपलं सांगणं आम्ही अक्षरशः पाळलं. मागे उरते जमीन आणि नुकसानभरपाई.

जमिनीचा माग फेरफारात लागतो. गाव नमुना ६ मध्ये "अमुक मयत, वारस अमुक" अशी नोंद असते, आणि वारसांची वेगळी नोंदवही ६-क ही असते. फक्त फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. वारस लावायला घरच्यांनी पाच-दहा वर्षं घेतलेली असतात, तलाठ्याने मयताची तारीख तोंडी ऐकून लिहिलेली असते. म्हणून १९५४ च्या मृत्यूसाठी १९५५ ते १९७० पर्यंतचे फेरफार उलटावे लागतात. जोडीला गावच्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर बघावं. मुलाच्या नावापुढे बापाऐवजी चुलता किंवा मामा पालक म्हणून लागला असेल, तर बाप कधी गेला त्याचा अंदाज येतो.

आता ‘एस. सातारा’बद्दल. आपण दिलेल्या मृतांच्या यादीत एका नावापुढे हे, म्हणजे ‘साउथ सातारा’चं छोटं रूप, लिहिलं होतं आणि सगळ्यांनी ते सातारा म्हणून वाचलं. शोध साताऱ्याकडे गेला आणि तिथेच संपला. खरं तर १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले होते, आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. म्हणजे १९५४ च्या कागदावरचा ‘एस. सातारा’ म्हणजे आजची सांगली: तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा, मिरज, जत. कराड, खटाव, माण, फलटण हे तालुके उत्तर साताऱ्यातले. नुसतं ‘खानापूर’ लिहिलं असेल तर आणखी एक खोडा आहे. बेळगाव जिल्ह्यातही खानापूर आहे आणि १९५६ पर्यंत तेही मुंबई राज्यातच होतं. विट्याचं नाव जवळ लिहिलेलं असेल तरच आपलं खानापूर धरावं.

नावांचं तर विचारूच नका. खाणीत हिंदी किंवा बंगाली बाबू लिहिणारा आणि सांगणारा माणदेशी. आडनाव बहुतेक वेळा गळून पडतं, राहतं फक्त "अमुक वल्द तमुक", म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. ज्ञानूचा हिंदीत ग्यानू होतो, इंग्रजीत तो ‘डी’खाली जातो, म्हणून ‘जी’ आणि ‘डी’ दोन्ही पानं बघायची. जाधवचा विदर्भ-छिंदवाड्याकडे जाधाव होतो. धनबाद, आसनसोलकडे शोधत असाल तर ‘व’चा ‘ब’ होतो: विठोबा बिठोबा होतो, विष्णू बिष्णू होतो आणि विट्याचं बिटा होतं. आपण म्हणाला होतात की नाव जुळलं म्हणून आनंद मानू नका, नाव, बापाचं नाव आणि वय तिन्ही जुळली तरच पुढे चला. वयात चार-पाच वर्षांचा फरक चालतो, बापाच्या नावात चालत नाही.

खाणीतल्या कागदांबद्दल जे काही कळलं ते सगळं आपलंच देणं. पुढे ज्याला बी-फॉर्म म्हणू लागले ते कामगार रजिस्टर, हाजरी, आणि दिवाघराची वही. खाली उतरताना प्रत्येकाला नंबराचा दिवा मिळतो, वर आल्यावर तो परत जमा होतो. ज्या नंबराचा दिवा परत आला नाही तो माणूस खाली आहे. दुर्घटनेनंतरची पहिली यादी त्या वहीतूनच तयार होते, म्हणून ती बाकी कागदांपेक्षा खरी धरायची. पण बदली कामगार दुसऱ्याच्या नावावर उतरलेला असू शकतो, आणि ठेकेदाराच्या माणसांची वही वेगळी असते. हे आपण सांगितलं नसतं तर नाव नाही म्हणून माणूसच नव्हता, असं कुणीही म्हटलं असतं.

पाणी घुसलेल्या खाणीत आधी पंपांनी उपसा करावा लागतो, मगच देह वर येतात. त्यामुळे एकाच माणसाच्या तीन तारखा सापडतात: पाणी घुसल्याची, देह मिळाल्याची आणि घरी खबर पोचल्याची. श्राद्धाची तिथी घरात तिसऱ्या तारखेवरून धरली गेलेली असते. तारखा जुळत नाहीत म्हणून कागद खोटा ठरवू नये.

सगळ्यात मोलाची निघाली ती भरपाईची फाईल. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ चा. त्यात मृत्यूची रक्कम मालकाला कमिशनरकडे जमा करावी लागे, परस्पर घरच्यांच्या हाती ठेवून तो मोकळा होत नसे. म्हणून त्या फायलीत बायको, मुलं, त्यांची वयं आणि गाव असतं. बायकांची आणि अज्ञान (वयात न आलेल्या) मुलांची रक्कम कमिशनर गुंतवून ठेवू शकत असे, म्हणून घरातल्या जुन्या ट्रंकेत मनिऑर्डरच्या पावत्या आहेत का तेही पाहावं. कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९४८ चा, त्यातल्या वारसाच्या नावासाठी धनबादला अर्ज करता येतो. मुख्य खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवाल आणि चौकशी अहवाल पाण्याचं कारण सांगतात, गावाचं नाव सांगत नाहीत.

अर्ज माहिती अधिकारात करावा, पण आपण सुचवलंत तसा: "माहिती द्या" न म्हणता "अभिलेखाची तपासणी करू द्या". केंद्राच्या कार्यालयांत अर्जाला १० रुपये, पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये, प्रतीला पानी २ रुपये. खासगी बाब म्हणून नकार आला तर कलम ८(३) दाखवायचं, कारण २० वर्षांपूर्वीच्या घटनेला ती सबब चालत नाही. आणि १९५४ मध्ये छिंदवाडा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, १ नोव्हेंबर १९५६ पासून ती भोपाळ झाली. तेव्हा राज्य सरकारचा कागद भोपाळला नसेल तर नागपूरला विचारावं, हे आपलंच वाक्य.

भर उन्हात आपण तीन वेळा जुन्या कचेरीत गेलात, वाळवी लागलेली पानं स्वतः उलटलीत, आणि एसटीच्या तिकिटाचे पैसेही घेतले नाहीत. हे ऋण आमच्यावर राहील.

सोबत आपली यादी परत पाठवत आहोत. ‘एस. सातारा’ लिहिलेल्या ओळीपुढे आजचा तालुका आणि जिल्हा लिहिला आहे, फेरफाराचा क्रमांकही दिला आहे. आपल्या वहीत तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.

आपली कृपाभिलाषी,
खानापूर तालुक्यातली सगळी भावकी