प्रवेशाआधीच्या सहा महिन्यांबद्दलही लिहा

संपादक महोदय,

वाणिज्य, जीवशास्त्र किंवा मेकॅनिकलसारख्या शाखेतून संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे वळणाऱ्यांसाठी करिअर पुरवण्यांत बरेच छापून येते. मात्र त्यातला बहुतेक मजकूर अर्जाच्या तारखा, शिफारसपत्रे आणि निबंध यांपुरताच असतो. मुले अडकतात ती प्रवेशानंतरच्या पहिल्या सत्रात, आणि त्याबद्दल फारसे कुणी सांगत नाही.

'मास्टर्स' या एकाच नावाखाली दोन निराळे अभ्यासक्रम चालतात. पहिला खास शाखा बदलणाऱ्यांसाठी असतो. ब्रिटनमधल्या 'कन्व्हर्जन' एमएस्सी किंवा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा एमसीआयटी (मास्टर ऑफ कम्प्युटर अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी) हे या प्रकारातले. त्यांत प्रोग्रामिंग मुळापासून शिकवतात. दुसरा प्रकार संगणकशास्त्राची पदवी किंवा तेवढी तयारी गृहीत धरतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा २०१४ मध्ये सुरू झालेला ऑनलाइन मास्टर्स या प्रकारातला. त्याचे दार बरेच उघडे आहे, पण एकूण दहा विषयांपैकी पायाभूत यादीतले दोन विषय पहिल्या वर्षातच किमान 'बी' श्रेणीने सुटावे लागतात. खरी चाळणी तिथे लागते. म्हणून विद्यापीठाचे नाव पाहण्याआधी 'पूर्वतयारी' या मथळ्याखाली काय लिहिले आहे ते वाचावे.

तयारीला नोकरी सांभाळून सहा ते नऊ महिने धरावेत. आधी एकच भाषा पक्की करावी, पायथन चालेल. सोबत डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स घ्यावे: तर्कशास्त्र, संच, मोजणी, ग्राफ आणि विशेषतः गणिती विगमन (एका पायरीवरून पुढची सिद्ध करत जाण्याची रीत). रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणे, पचत नाही अशी तक्रार करणाऱ्यांचे बहुधा विगमन कच्चे असते, कारण दोन्हींमागचा विचार एकच आहे. त्यानंतर डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती साठवण्याच्या रचना. लिंक्ड लिस्ट, हॅश टेबल, हीप आणि बायनरी ट्री कोऱ्या फाइलमध्ये, काहीही न पाहता लिहून चालवता आले पाहिजेत. व्हिडिओ पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते. हात कोऱ्या फाइलपुढेच थांबतो.

बायनरी सर्चचेच पाहा, म्हणजे दर पायरीला मधली नोंद पाहून निम्मा भाग सोडत जाणारा शोध. क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींत हवी ती नोंद जास्तीत जास्त २० पायऱ्यांत सापडते. कोड जेमतेम दहा ओळींचा, तरी तो चुकायला जागा पुष्कळ. लूपमध्ये 'लो' (शोधायच्या भागाचे पहिले स्थान) 'हाय'पेक्षा (त्याचे शेवटचे स्थान) लहान असावा की बरोबरही चालावा, हे ठरवताना गफलत झाली की शेवटची नोंद निसटते. 'लो'ला मधल्या स्थानाच्या एक पुढे नेले नाही, तर लूप थांबतच नाही. जावासारख्या भाषेत मधले स्थान काढायला दोन्ही टोकांची बेरीज करून दोनाने भागले आणि ती बेरीज २,१४७,४८३,६४७ च्या पुढे गेली, तर ३२ बिटांत मावत नाही आणि उत्तर ऋण येते. म्हणून 'लो'मध्ये उरलेल्या अंतराचा निम्मा भाग मिळवायचा. हे 'का' सांगता आले, तर पहिल्या सत्राची भीती बरीच कमी होते.

शेवटचे दोन महिने सी भाषेला द्यावेत. ऑपरेटिंग सिस्टिम्ससारख्या विषयांत पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरणारे व्हेरिएबल) येतात हे धरूनच असाइनमेंट देतात. पायथनवर वाढलेला विद्यार्थी तिथे सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या जागी हात घातल्याने प्रोग्राम बंद पडणे) पाहून हबकतो आणि ओळी अंदाजाने बदलत बसतो. जीडीबी आणि व्हॅलग्रिंड ही चुका शोधायची साधने आधी शिकून घेतले, तर तो दोष बहुतेक वेळा काही मिनिटांत हाती लागतो.

नोकरी करणाऱ्यांनी पहिल्या सत्रात एकच विषय घ्यावा. जड विषयाला आठवड्याला १५ ते २० तास सहज लागतात. पदवी लवकर उरकावी म्हणून दोन-तीन विषय एकदम घेणे, किंवा रेषीय बीजगणित आणि संभाव्यता कच्ची असताना मशीन लर्निंगलाच हात घालणे, हे गळतीचे सरळ रस्ते आहेत.

अर्जात नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रांच्या ढिगापेक्षा एखाद्या महाविद्यालयातून परीक्षा देऊन, श्रेणीसह पूर्ण केलेला डेटा स्ट्रक्चर्सचा विषय अधिक वजनाचा ठरतो. जुनी शाखाही टाकून देऊ नये. जीवशास्त्र जाणणारा प्रोग्रामर बायोइन्फर्मेटिक्समध्ये (जैविक माहितीचे संगणकी विश्लेषण) इतरांच्या पुढे असतो.

आपल्या पुरवणीत प्रवेशाच्या तारखांचा तक्ता छापला जातो, त्यात प्रत्येक अभ्यासक्रमासमोर दोन रकाने वाढवावेत, ही विनंती: कोणते विषय आधी आलेले असणे अपेक्षित आहे, आणि पहिल्या वर्षात टिकण्याची अट काय.

— संगणकशास्त्राचे काही अध्यापक