चाचा, तुमचा चष्मा माझ्याकडे आहे

प्रिय चाचा,

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे जाहीर पत्र.

हानी अबू-असाद यांचा 'ओमर' (२०१३) हा अरबी भाषेतला पॅलेस्टिनी चित्रपट आमच्या चित्रपट मंडळात दाखवायचं ठरलं, तेव्हा इंग्रजी सबटायटल्सच्या मराठी ओळी करणं आठवड्याचं काम आहे असं मला वाटलं होतं. चित्रपटाला कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार, ऑस्करचं नामांकन. म्हणजे सबटायटल्स नीटच असणार. तुम्ही पहिली दहा मिनिटं ऐकलीत आणि म्हणालात, "पोरी, हा मुलगा काय बोलतोय आणि तू काय लिहितेयस?"

तुमचं अरबी कुवेतचं, पण कुवेती नाही, हे तेव्हा कळलं. तिथल्या हवल्ली भागातल्या बेकरीत तुमचे उस्ताद पॅलेस्टिनी. त्यामुळे 'काय'ला तुम्ही 'शिनू' नाही, 'शू' म्हणता. ओमरही बेकरीतच कामाला. दोराने भिंत चढून तो प्रेयसीला, नादियाला भेटायला जातो. २००२पासून इस्रायलने वेस्ट बँकेत उभी केलेली ती काँक्रीटची भिंत आठ-आठ मीटर उंच, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पॅलेस्टिनीच राहतात, हे माझ्या लक्षात दुसऱ्यांदा पाहताना आलं.

तुरुंगातल्या त्या प्रसंगावर आपण दोन संध्याकाळी घालवल्या. कैदी म्हणून आत पेरलेला माणूस ओमरला बोलतं करतो, आणि ओमर म्हणतो की मी कबुली देणार नाही. मी लिहिलं होतं, "मी काही बोलणार नाही." तुम्ही पेन काढून घेतलंत. कबुली देणार नाही म्हणजे देण्यासारखं काही आहे, आणि तेवढं वाक्य टेप झालं की इस्रायली लष्करी कोर्टाला तीच कबुली. माझ्या ओळीने तो सापळाच पुसून टाकला होता! अशा पेरलेल्या माणसांना तिथे 'असाफीर', म्हणजे पाखरं, म्हणतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मग 'अमील', म्हणजे शत्रूला सामील झालेला. मी सगळीकडे 'गद्दार' लिहिलं होतं. तुम्ही 'फितूर' करायला लावलंत. दोन्ही शब्द आपल्याकडे अरबीतूनच आले, पण तुमचं म्हणणं होतं की माणूस गद्दार असतो, फितूर मात्र त्याला करतात. तीन जिवलग मित्रांपैकी कोण फुटलं, याच संशयावर चित्रपट चालतो, तेव्हा तो फरक लागणारच होता. (शेवट इथे सांगत नाही, मंडळाचे निम्मे सभासद त्या दिवशी लग्नाला गेले होते.)

उस्तादांबद्दल तुम्ही एकदाच बोललात. १९९०च्या ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये इराकी फौजा शिरल्या, तुम्ही बगदादमार्गे अम्मान गाठलंत, तिथून एअर इंडियाचं विमान. त्या हवाई मोहिमेत पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परतले. उस्ताद मागे राहिले. पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी इराकच्या सद्दामची बाजू घेतली म्हणून, कुवेत मुक्त झाल्यावर तिथले पॅलेस्टिनी सरसकट फितूर ठरले. सुमारे चार लाख होते, बहुतेकांना देश सोडावा लागला. "त्यांनी काय केलं होतं? पाव भाजले," एवढं म्हणून तुम्ही पुढचा सीन लावायला सांगितलात.

शेवटाकडे ओमरला भिंत चढवत नाही, तो खाली बसून रडतो, आणि एक अनोळखी म्हातारा त्याला वर चढायला हात देतो. खेळाच्या दिवशी मी मागे वळून पाहिलं तर तुमची खुर्ची रिकामी होती. तुम्ही बाहेर पायरीवर बसला होतात. मी विचारलं नाही.

श्रेयनामावलीत तुमचं नाव नको म्हणालात, घातलं नाही. पण 'फितूर' शब्दावर मागच्या रांगेतले देशपांडे सर "वा!" म्हणाले, ते तुमचं आहे, माझं नाही.

चष्मा खुर्चीवर राहिला होता. शुक्रवारी नमाज आटोपली की घेऊन येते. चाचीला सांगा, चहात साखर कमी.

तुमची,
मंडळातली पोरगी